नैवेद्याची गोळी

बाटलीतल्या दोन गोळ्या उकाड्याने एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. राजश्रीने त्या डाव्या तळहातावर घेतल्या आणि उजव्या अंगठ्याने सोडवू लागली. अंगठा किती दाबला जातोय हे तिला कळलंच नाही. गेलं वर्षभर त्या हाताच्या पहिल्या तीन बोटांना कशाचा पत्ता नसायचा. मधासारखी पिवळी, बुळबुळीत गोळी फुटली आणि आतलं तेल तळव्यावरून मनगटाकडे ओघळलं.

बोटांना काही जाणवलं नाही. नाकाला मात्र जाणवलं.

वास ओळखायला तिला वेळ लागला नाही. जन्म किनाऱ्यावर गेलेला. भर दुपारी जेटीवर उपड्या घातलेल्या टोपल्यांना येतो तो, उन्हात शिजलेला, कालचा, माशांचा वास.

ती देवघरापुढेच बसली होती. समोर विठोबाची वीतभर मूर्ती, मूर्तीपुढे पितळी वाटी, वाटीत तुळशीचं पान. गळ्यात तुळशीची माळ पडल्यापासून आठ वर्षांत देवाला दाखवल्याशिवाय तिने साधा चहा घेतला नव्हता, मग औषध तरी कसं घेणार? सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी त्या वाटीत जायची, वर तुळशीपत्र पडायचं, डोळे मिटायचे, हात जुळायचे आणि मग ती गोळी तिच्या पोटात. असे दोन महिने झाले होते.

ढवळून आलं तशी ती तोंडावर हात दाबून उठली, आणि दाबला तो नेमका तेलाचाच हात. मागलं दार गाठेपर्यंत सकाळची पेज बाहेर पडली होती. न्हाणीच्या दगडाशी वाकून ती ओकत राहिली. पोटात काही उरलं नाही तरी कोरडे उमाळे येत राहिले. तिने मूठभर तुळस चावली, राखेने दात घासले, चुळा भरल्या. शेवटी एक ढेकर आली आणि त्या ढेकरेचाही वास तिने ओळखला. हीच ढेकर तिला दोन महिने येत होती. येसूबाईच्या हातांचा वास नाकात बसलाय, असं म्हणून ती दर वेळी पदर नाकाला लावायची.

येसूबाई दुपारची मनगट चोळायला यायची. बाळंतिणींना तेल लावण्यात तिची हयात गेली होती. सकाळी सुकट निवडायची आणि दुपारी माणसं चोळायची. तिच्या हाताला गुण होता, पण तो हात दारात आला की आधी नळावर चिंच आणि राख लावून तीनदा धुवायचा, असा राजश्रीचा दंडक. धुतल्यावर राजश्री वाकून वास घ्यायची, मगच मनगट पुढे करायची. चोळून झालं की येसूबाईचा कप पायरीवर ठेवायचा आणि चहा वरून सोडायचा. तोही कप निराळा.

हे सगळं कीर्तनातल्या पेटीसाठी चाललं होतं. तीस वर्षं ब्लाउज बेतून कात्रीने तिचा उजवा हात खाल्ला होता. मनगटात नस दाबली गेलीय, असं रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तारा जोडून तपासून सांगितलं. रात्री पट्टा बांधा, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, नाहीच जमलं तर छोटंसं ऑपरेशन. ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलायची. गेल्या वर्षी विठ्ठलमंदिराच्या वर्धापनदिनाला, भर कीर्तनात, अभंग टिपेला गेला असताना तिची बोटं पेटीच्या पट्ट्यांवर लाकडासारखी आडवी पडली होती. नको तो सूर सगळ्या सभामंडपाने ऐकला. बुवांनी आवाज चढवून सांभाळून घेतलं, पण बायकांच्या रांगेतलं ते वळून पाहणं ती विसरली नव्हती. यंदा जमलं तर जमलं, नाहीतर पेटी कायमची झाकायची, असं तिने ठरवलं होतं.

आणि जमलं होतं. पट्ट्याने म्हणा, निर्गुंडीच्या तेलाने म्हणा, की या गोळ्यांनी. बोटं अजून बधिरच होती, पण हात मोकळा झाला होता. काल तालमीत बोटं अशी फिरली की बुवा गाणं थांबवून ऐकत राहिले. आज पाच वाजता उत्सवाचं पहिलं कीर्तन होतं.

मागे चाहूल लागली. सून वैष्णवी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"कसलं तेल आहे ते?" राजश्रीने विचारलं.

वैष्णवीने खाली पाहिलं नाही.

"माशाचं."

"तुला ठाऊक होतं?"

"डब्यावर लिहिलेलं होतं. म्हणून तर बाटली बदलली."

मग तिने सगळं सांगितलं. जहाजावर नोकरीला असलेल्या संदेशने, तिच्या नवऱ्याने, नसांसाठी चांगलं म्हणून तो डबा पाठवला, त्याच्या ध्यानात आईची माळ नव्हती. वैष्णवीच्या होती. तीन दिवस तो डबा तिने कपाटात दडवून ठेवला. पण त्याच आठवड्यात सासूच्या परकराची नाडी तिलाच बांधावी लागत होती, वेणी तिलाच घालावी लागत होती, आणि सासू पेटीवर फडकं टाकून भिंतीकडे तोंड करून बसलेली तिने पाहिली होती. जीवनसत्त्वाची रिकामी बाटली घरात होतीच. पाप लागायचं तर मला लागू दे, असं देवाला सांगून तिने गोळ्या ओतल्या.

"तुम्ही गोळ्याही देवाला दाखवता हे मला नंतर कळलं," ती म्हणाली. "मग जीभ उचलेना."

राजश्रीने तिच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं.

"तुझ्या हातचं पाणी नको मला," ती म्हणाली. "सर बाजूला. अंगाला वास येतोय तुझ्या."

वैष्णवी सरली. तांब्या तिने दगडावर ठेवला आणि आत गेली.

येसूबाई आली तेव्हा राजश्री ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. माळ गळ्यातून काढून तिने स्वच्छ रुमालात बांधली होती. येसूबाई सवयीने नळाकडे वळली, चिंच हातात घेतली, मग तिचा चेहरा पाहून थांबली. राजश्रीने काय घडलं ते दोन वाक्यांत सांगितलं. सांगतानाही तिला उमाळा आला.

येसूबाई पदरात तोंड घालून हसायला लागली.

"देवान खाल्लान ना? मग तुजा काय जातंय? त्याचा पयला अवतार कंचा गो? तूच पेटी वाजवतंस ना त्या कीर्तनात?"

राजश्री हसली नाही. आज चोळायला नको, म्हणाली. उद्याही नको. येसूबाईने चिंच परत कोनाड्यात ठेवली आणि हात लुगड्याला पुसले.

"बरा तर," ती पायरी उतरताना म्हणाली. "दोन म्हैने माज्या हाताक नाक मुरडलंस. वास तुज्याच पोटातला होता गो."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते राजश्रीला जास्त लागलं.

चार वाजता ती देवळाकडे निघाली. रस्ता चटके देत होता. पेटीवर बसायचं नाही हे तिने ठरवलं होतं; मासा पोटात घेऊन देवापुढे सूर कसा धरायचा? पण न सांगता गैरहजर राहणं तिला जमणारं नव्हतं. हात दुखतो म्हणून सुटता आलं असतं. तेवढं खोटं तिच्याने बोलवेना, तेही देवळात.

समर्थबुवा देवळामागच्या खोलीत झांजांच्या दोऱ्या तपासत बसले होते. तिशीचा पोरगा, पण आवाज अस्सल आजोबांचा. त्या आजोबांनीच राजश्रीच्या गळ्यात माळ घातली होती. तिला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. समोरच्या ताटातले साखरफुटाणे त्यांनी मूठभर घेतले. त्यांची रीतच होती तशी: प्रसाद तळहातावर ठेवायचा आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून मिटवायचा.

"या काकू. काल हात काय फिरला तुमचा. आज रूपाचा अभंग लांबवणार आहे मी."

राजश्री उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. रुमाल पुढे करून तिने सांगितलं. गोळ्या कशाच्या होत्या, किती दिवस घेतल्या.

"मी खाल्लं त्याचं जे व्हायचं ते होऊ दे," ती म्हणाली. "पण मी त्याला दाखवलं, बुवा. तुळशीपत्र ठेवून. रोज दोनदा."

बुवा ऐकत होते. रामकृष्णहरी, असं ते पुटपुटले. मग उठून दारापर्यंत आले. राजश्रीने सवयीने ओंजळ पुढे केली.

बुवांची मूठ तिच्या ओंजळीच्या वर वीतभर थांबली आणि तिथेच उघडली. साखरफुटाणे वरून पडले. बधिर बोटांना ते पडल्याचं कळलं नाही, डोळ्यांना दिसलं. दोनतीन उडून फरशीवर घरंगळले.

राजश्री त्या मधल्या वीतभर जागेकडे पाहत राहिली. ते अंतर तिच्या हाताला पाठ होतं. किती उंचीवरून सोडलं म्हणजे शिंतोडा उडत नाही आणि स्पर्शही होत नाही, ते तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

बुवांच्याही ते ध्यानात आलं. त्यांचे कान लाल झाले. ते खाली वाकले, फरशीवरचे दाणे एकेक करून वेचले आणि स्वतःच्या तोंडात टाकले.

"चुकलं माझं, काकू," ते म्हणाले. "हात आपोआप वर राहिला. तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं हे त्याला ठाऊक आहे. माळ पांडुरंगापाशी ठेवा. काल्याच्या दिवशी मी माझ्या हाताने घालतो. तुम्ही पेटीवर बसा."

हे ऐकण्यासाठीच खरं तर ती एवढी उन्हातून आली होती. सभामंडपात पेटी उघडून ठेवलेली दारातून दिसत होती. तिने रुमाल बुवांच्या हातात दिला.

"उद्या बसते," ती म्हणाली. "आज महिपतला वाजवू दे, तो शिकतोय ना पेटी."

"हात दुखतोय का?"

"हात बरा आहे."

बुवा आणखी काही विचारणार होते, पण ती पायऱ्या उतरून गेली होती.

घरी आली तेव्हा पाचाला थोडाच वेळ होता. आत कुणी नव्हतं. देवघरातली वाटी घासून पालथी घातलेली, जमीन फिनेल टाकून पुसलेली. मागलं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि पलीकडून बांगड्याच्या कालवणाचा वास येत होता. राजश्रीने पदर नाकाला लावला. ती दाराला धरून उभी राहिली.

मासळीचं सगळं मागल्या पडवीत करायचं, भांडी वेगळी, जेवायचं तिथेच, हे तिनेच घालून दिलेलं. सकाळपासून राहिलेलं जेवण वैष्णवी आत्ता जेवत होती. परसातल्या दगडी गडग्याकडे तोंड, दाराकडे पाठ. खांदे पुढे घेऊन, ताटावर वाकून, कुणी पाहील या भीतीने पोर चोरून खाते तशी.

लग्न होऊन आल्यापासून तीन वर्षं राजश्री ही पाठ रोज पाहत आली होती. त्या बाजूने वारा येतो म्हणून वैष्णवी तिकडे तोंड करते, अशी तिची समजूत होती. आज वारा नव्हता. गडग्यापलीकडच्या फणसाचं पानही हलत नव्हतं.

दार करकरलं. वैष्णवीने दचकून मागे पाहिलं, डाव्या हाताने ताटावर झाकण ओढलं आणि उठायला लागली.

"बस," राजश्री म्हणाली.

ती पायरीवर बसली. एवढ्या जवळ ती कधी बसली नव्हती. वास थेट घशात उतरत होता. तोंडाला पाणी सुटलं, ते ओकारीचं होतं. तिने ते गिळलं. देवळाच्या कर्ण्यावरून पेटीचा पहिला सूर आला, महिपतचा, जरा उतरलेला. तिच्या मांडीवर उजव्या हाताची बोटं आपसूक हलली आणि थांबली.

"आई, कीर्तन सुरू झालं," वैष्णवी हळूच म्हणाली.

"ऐकतेय."

"तुम्ही जाणार नाही?"

 बुवांचा आवाज लागला होता. राजश्रीने हात पुढे करून ताटावरचं झाकण उचलायला घेतलं. बोटांतून ते निसटून खणकन जमिनीवर पडलं. दोघींनीही ते उचललं नाही.

"अशी पाठ करून जेवू नकोस," ती म्हणाली. "इकडे तोंड कर."

 ताट दोन्ही हातांनी उचलून वैष्णवी जागच्या जागी वळली. ताटात अर्धा बांगडा, लाल कालवणाचा ओघळ, कडेला काढून ठेवलेले काटे.  राजश्रीने नजर हलवली नाही.

"जेव," ती म्हणाली. "काटे बघून खा."