ढोबळी मिरचीच्या घराचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. झालरीचा नव्हे, खिडकीचाही नव्हे. ढोबळी मिरचीच्या हरितगृहाचा, दुधी रंगाच्या जाड प्लास्टिकचा.

कारखान्यात वितळलेल्या दाण्यांतून मला ताणून काढले आणि गुंडाळून ठेवले. वाटे, कोणी उलगडले की मोकळे होऊ. उलगडले खरे, पण हरितगृहाच्या उघड्या बाजूला वरची कड पट्टीत आवळली आणि खालची लोखंडी नळीला बांधली. नळीच्या टोकाला हँडल. ते फिरले की मी वर जाई, उलटे फिरले की खाली येई. बाहेरून वारा थपडा मारी, आतून वाफेचा ओलावा अंगाला चिकटे. मला आपणहून कुठेही सरकता येत नसे.

हरितगृह सांभाळी ती घरातली धाकटी सून. शेणखत, कोंबडीखत, गांडूळखत आणि पेंड यांवरच ती मिरची पिकवी. लाल-पिवळी फळे पाहायला लोक येत आणि जाताना मला थोपटून म्हणत, "पडदा दणकट आहे हो." मला बरे वाटे. पण हँडलच्या दातांत चिखल बसत होता, गंज चढत होता. तेल घालायचे रोज उद्यावर जाई.

एका हंगामात फळ कमी धरले. सासरे म्हणाले, "सूनबाई, यंदा बघतो. नाही जमलं तर हे मोडून गोदाम बांधू."

त्या धाकाने तिने घाई केली. कोंबडीखताचा ढीग कुजत ठेवला होता. तो खालीवर करणे जिवावर येई, म्हणून तिने वरवर हात लावला. खत काळे होते, गार होते. तेच तिने रोपांच्या बुडाशी घातले. थंडी वाढली म्हणून गंजलेले हँडल जोर लावून फिरवत मला खालपर्यंत ओढले, दारही लावून घेतले.

ढिगाच्या पोटातले खत मात्र कच्चे आणि गरम होते. आत उग्र वाफ साठू लागली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मी. वाफेला वाट नव्हती आणि मला हलता येत नव्हते. पानांच्या कडा करपताना मी पाहत राहिलो.

सकाळी दार उघडताच तिच्या डोळ्यांतून पाणी आले. ती हँडलकडे धावली. ते जागचे हलेना. तिने अंगाचा भार टाकला, दगडाने ठोकले. तेवढ्यात थोरली जाऊ आली.

"काय गं, खत बघितलं होतंस ना?"

"बघितलं हो ताई. गार लागलं."

"पाहुण्याच्या पोराच्या गालाला लावावा तसा हात लावला असशील. कोपरापर्यंत घालायचा असतो."

"बोला नंतर. आधी हे उघडा."

"उघडायचं कसलं, कोयता आण."

"अहो, अख्खा पडदा जाईल."

"पडदा नवा आणू. या दिवसांत रोपं कुठून आणशील?"

धाकटीने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग कोयता तिनेच चालवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. थंड वारा आत घुसला. दोघी जावा नाकाला पदर लावून बुडाजवळचे खत खरवडून बाहेर नेत राहिल्या. दुपारी सासरेही घमेले घेऊन आले. 

खालची पाने गेली, शेंडे वाचले. पहिली लाल मिरची सासऱ्यांनी हातात तोलली आणि म्हणाले, "गोदामाला दुसरी जागा बघू."

माझ्या जागी नवा पडदा आला. मी आता खताच्या ढिगावर पसरलेला असतो, चारी कडांना दगड. ढीग खालीवर करायचा असला की दोघी मला बाजूला करतात. तेवढा वेळ माझ्या अंगावर ऊन पडते. मग पुन्हा दगड.

मित्रांनो, खत पुरते कुजेपर्यंत धीर धरा. आणि झाडे असोत की गुरे, कोणालाही आत ठेवून काही बंद कराल, तेव्हा ते उघडते आहे ना, हे आधी पाहून घ्या. आत असलेल्याला ते पाहता येत नाही.