क्रौंचाच्या पिल्लाची कापडी आई

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे. बाहुली म्हटल्यावर फ्रॉक आणि निळे डोळे शोधू नका. मला अंगच नाही. क्रौंच पक्ष्याचं डोकं, लांब मान आणि चोच, एवढाच माझा कारभार. बाकी खालून कुणाचा तरी हात लागतो.

मला ज्यांनी घडवलं ते बोलक्या बाहुल्यांचे खेळ करायचे. मुलं त्यांना बडबडेमामा म्हणत. एकदा पक्ष्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई त्यांच्याकडे आल्या. तळ्यावरच्या क्रौंचांच्या शेवटच्या जोडीतली मादी विजेच्या तारेला धडकून मेली होती, नर घरटं सोडून गेला होता आणि मागे राहिलेलं अंडं बाईंनी उबवायला आणलं होतं. पिल्लाला माणसाने भरवलं, तर ते माणसालाच आई समजतं आणि रानात टिकत नाही. म्हणून बाईंना पक्ष्याचं डोकं हवं होतं. मामांनी कापूस, राखाडी कापड आणि मोडक्या छत्रीची काडी घेऊन मला शिवलं. माथ्यावरचा लाल रंग मनासारखा जमेपर्यंत मामींनी दिलेला चहा गार होऊन गेला.

पिल्लू बाहेर आलं. पण दवाखान्यातल्या माणसांच्या हातात मी म्हणजे काठीवरचं फडकं. पिल्लू ढुंकूनही बघेना. शेवटी मामांनाच बोलावलं. ते चादरीआड बसले. मी वाकले, अळी उचलली, जरा थांबले, मान तिरकी केली, आणि पिल्लू धावत आलं. खरं सांगते, मला भरून आलं.

बाईंची अट एकच होती. “मामा, पिल्लाजवळ अवाक्षर काढायचं नाही. खोकला आला तरी बाहेर जायचं.”

“बरं बाई,” मामा म्हणाले.

म्हणाले खरे. पण हातात बाहुली घातली की तोंड उघडायचं, हेच ज्यांनी जन्मभर केलं, त्यांनी गप्प राहायचं तरी कसं? काही दिवस ते ओठ चावून बसले. मग पिल्लू आजारी पडलं, कशालाच तोंड लावेना. बाई औषध आणायला गेल्या होत्या. माझ्या चोचीतून हळूच शब्द आले, “खा की रे सोन्या. एवढा एक घास.”

पिल्लाने मान वर केली आणि घास घेतला.

त्यानंतर बाईंची पाठ वळली की आमच्या गप्पा सुरू. माझे ते सुखाचे दिवस होते, आणि त्याच दिवसांनी घात केला.

पिल्लू मोठं झालं. सोडण्याआधी बाईंनी परीक्षा घेतली. माणसं डबे बडवत, ओरडत अंगावर गेली आणि ते घाबरून उडालं. बाई खूश झाल्या. मायेने, हळू बोलून पाहायचं कुणाला सुचलं नाही. मामांना सुचलं असेल, पण नेमके तेव्हा ते गप्प बसले.

तळ्यावर सोडून आठवडाही झाला नसेल. काठावर एक कुटुंब जेवायला बसलं होतं. आई लेकराला गोड बोलून भरवत होती. आमचं पिल्लू लांब टांगा टाकत थेट तिच्यापाशी गेलं. त्यांच्या कुत्र्याने त्याची मान धरली.

बाईंनी मेलेलं पिल्लू टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “मामा, तुम्ही बोलत होता त्याच्याशी?”

“आजारी होतं तेव्हा बोललो. मग राहवलंच नाही.”

बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “आता दुसरं अंडं कुठून आणू?”

 तळ्यावर तेव्हापासून क्रौंच उतरलेला नाही. मामांनी खेळ बंद केले. मी दवाखान्यातल्या एका खिळ्याला लटकते आहे. माथ्याचा रंग उडाला, मानेला कसर लागली. कुणी मला दुरुस्त करत नाही, आणि कशाला करतील? भरवायला आहे कोण?

मित्रांनो, तुमच्यात कुणी चित्रं काढत असेल, बाहुल्या शिवत असेल, तर मुक्या जिवांसाठी जरूर काहीतरी करा. पण हात आवरायची वेळ आली की आवरा. आणि रानात एखादा पक्षी तुम्हाला पाहून उडून गेला, तर रुसू नका. त्याच्या आईने त्याला नीट वाढवलं आहे, एवढं समजा.