दुसऱ्याच्या पोराची भरती

गिरणी चालू असली की माणसाला वाटतं, आपलं बोलणं आपल्याच माणसाच्या कानात राहतं. म्हणून तो बेंबीच्या देठापासून ओरडतो. मी बावीस वर्षं गिरणी चालवते. गावातली निम्मी भांडणं मला जात्याच्या आवाजातूनही ऐकू येतात.

त्या बुधवारी शिवारात ज्वारीची काढणी चालली होती. उपटून उपटून बायांच्या हाताला फोड आले होते. कल्याणची बायको जया रानातून तशीच डबा घेऊन आली, पदराला ज्वारीचा पाला चिकटलेला.

"गोजराक्का, वेशीतला बोर्ड बगितला का?"

"बगितला की. नानांचा फोटो लई झ्याक आलाय."

खरं तर बोर्ड जयाच्या पोराचा, अजिनाथचा होता. 'देशसेवेसाठी निघालेला आमचा वाघ.' वाघ खालच्या कोपऱ्यात, आधारकार्डावरचा फोटो, भेदरलेला. वर राधाकृष्ण नाना, गॉगल लावून, हात जोडून. नाना मागच्या टर्मला सरपंच होते आणि पुढच्या टर्मलाही त्यांना व्हायचं होतं. गंमत अशी, की वाघानं अजून फौजेच्या भरतीचा फॉर्मच भरला नव्हता. शेवटची तारीख शुक्रवार.

पण बोर्ड लागला म्हणजे लागला. हॉटेलवाला अजिनाथला 'मेजर' म्हणून चहा देऊ लागला. न्हाव्यानं न विचारताच त्याचे केस बारीक केले. कल्याण शिंगणापूरला जाऊन पोराच्या नावानं तेल वाहून आला आणि येताना सोनईपर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांना सांगत आला. गेल्या वर्षी बारावी झालेलं ते पोरगं, त्याला तेवढं कुणी विचारलं नाही.

"जेवताना गप बसतंय गं," जया म्हणाली. "फौजेत चार वर्सांनी चौघातला एक ठिवत्यात म्हनं, तिघं माघारी. मी म्हनलं, तुला जायाचंय का? तर म्हनतो, आई, बोर्ड लागलाय आता. बोर्ड लागला म्हनून जायाचं का पोरानं?"

मी काही बोलणार तोच अजिनाथ दुसरं पोतं घेऊन आला. दारातल्या बाकड्यावर सहादेव बसलेला होता. सतरा वर्षं फौजेत काढून आला, आता एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे. त्याला कुणी कधी बोर्डावर घेतलं नाही.

इतक्यात नानांची गाडी थांबली. नाना, मागं त्यांच्या मालनबाई, आणि गव्हाची गोणी खांद्यावर घेतलेला त्यांचा पोरगा पार्थ. पार्थ आणि अजिनाथ पहिलीपासून एका वर्गातले.

"जय हिंद, मेजर!" नानांनी अजिनाथच्या पाठीवर थाप मारली. "गावातलं एक तरी पोरगं शिमेवर पायजे. माझं वय असतं तर मीच गेलो असतो!"

"तवा वय हुतं की नाना," सहादेव म्हणाला. "आपन बरूबरचंच."

नानांना ते ऐकू गेलं नाही. मी बटण दाबलं होतं. गिरणी घरघरू लागली, पीठ उडू लागलं. मालनबाईंनी नवऱ्याच्या कानाला लागून काहीतरी विचारलं. नाना त्यांच्या कानात ओरडून सांगू लागले. आणि लाईट गेली.

"...येडी का खुळी तू! आपला पार्थ कशाला जातोय मरायला? कल्यानचं पोरगं हाय की त्याला!"

जातं दोन वेळा फिरलं आणि थांबलं. पत्र्यावर एक चिमणी चालत होती, तिचे पायसुद्धा ऐकू येत होते.

"म्हंजी... मला म्हनायचं हुतं..." नानांनी रुमाल काढला.

जयानं हातातली चाळण खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "नाना, शुक्रवारी दोघांचे फॉर्म संगच भरू. बोर्डावर जागा हाय. तुमचा फोटो जरा सरकवला की बसतोय पार्थ."

"अगं, भरला असता! पर त्याचे पाय सपाट हायेत. सपाट पाय मिल्ट्रीत चालत न्हाईत."

सहादेव बाकड्यावरून उठला. "आसं व्हय? पार्थ, चप्पल काढ. ह्या पिठावर पाय ठिव."

गिरणीच्या फरशीवर कायम पिठाचा थर असतो. पार्थनं एकदा बापाकडं पाहिलं, चप्पल काढली आणि पाय दाबून उचलला. टाच उमटली, बोटं उमटली, मधे झकास पोकळी.

सहादेवनं वाकून पाहिलं. "नाना, ह्या कमानीखालनं बैलगाडी जाईल."

"डोळे बी अधू हायेत त्याचे!"

"परवा जत्रंत बंदुकीनं अकरा फुगे फोडले की त्यानं," मालनबाई कौतुकानं बोलून गेल्या आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

बातमी शिवारात पोचायला किती वेळ लागतो? कल्याण हातातला विळा न टाकताच आला. नाना गाडीत बसून निघून गेले होते, गहू माझ्याकडंच ठेवून. मग कल्याण पोरावरच ओरडला, "अजू, न्हाई जायाचं! बघतो कोन धाडतोय तुला!"

तेव्हा अजिनाथ पहिल्यांदा बोलला.

"आबा, परवा नाना म्हनले म्हनून जा. आज नाना म्हनले म्हनून जाऊ नको. माझं कवा ईचारनार?"

कल्याणचा विळा खाली आला. अजिनाथ सहादेवकडं वळला. "काका, लई अवघड असतंय का?"

"पयलं वरीस आई आठवती. दुसऱ्या वर्सी आई रोज आठवत न्हाई, त्याचं रडू येतं. मंग सवय हुती."

"आन् चार वर्सांनी माघारी लावलं तर?"

"तर गेटवर माझ्या शेजारी खुर्ची टाकू."

दोघं-तिघं हसले. सहादेव हसला नाही, आणि अजिनाथही नाही.

गुरुवारी तो दिवसभर बापाबरोबर ज्वारी उपटत राहिला. बापानं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी गिरणीत आला, कागदांची पिशवी काखेत.

"आक्का, शेवगावला चाललोय. फॉर्म भरायला."

"ठरलं?"

"ठरलं. भरतीत धावायला उभं केल्यावर कोन कुनाचं पोरगं ते ईचारत न्हाईत, घड्याळ बघत्यात. मला एकदा तसं धावून बघायचंय. न्हाई ठिवलं तर येईन माघारी. रान कुठं पळून चाललंय?"

तो गेल्यावर जया आली, पीठ न्यायला म्हणून. डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. "मला नको हुतं गं. पर त्याचं त्यानं ठरवलं. आता मला भांडायला बी कुनी ऱ्हायलं न्हाई." मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार?

सोमवारी मी डेअरीवर दूध घालायला गेले होते. सहादेवनं पाटाच्या पुलापासून डेअरीपर्यंत सोळाशे मीटर मोजून ठेवले होते आणि तो घड्याळ धरून उभा होता. उन्हं नुकतीच आली होती, वाऱ्यात गारवा होता. लांबून अजिनाथ दिसला, पाय जमिनीला टेकतात की नाही असा. त्याच्या मागं तोंड लालबुंद करून पार्थ. त्यानं शुक्रवारी शेवगावला जाऊन बापाला न सांगता स्वतःचाही फॉर्म भरला होता. आणि पार्थच्या मागं मोटारसायकलवर नाना, हॉर्नवर अंगठा दाबून.

"पार्थ्या! माघारी फिर! पाय मोडशील!"

डेअरीपुढं पंधरा-वीस माणसं उभी होती. हॉर्नमधे शब्द कुणाला कळणार? एकजण म्हणाला, "बगा रं, नाना सोता पोरांना पळवत्यात! ह्याला म्हनत्यात देशप्रेम!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. नानांनी माणसं पाहिली, म्हणजे मतं पाहिली. हॉर्न सोडला, एका हातानं नमस्कार केला, कसंनुसं हसले आणि गाडी पोराच्या पुढं काढून सहादेवपाशी थांबवली.

अजिनाथ रस्त्याच्या कडेला वाकून धापा टाकत होता. सहादेव त्याला म्हणाला, "पाच मिन्टं चोवीस. पास हायेस." मग पुन्हा घड्याळात पाहिलं, नानांकडं पाहिलं.

"नाना, तुमचा टाईम लई भारी हाय. पर गाडीवरनं आल्याला धरत न्हाईत."