अस्पष्ट

दुभाषीबाईंनी ग्लासातलं पाणी एका दमात संपवलं आणि मायक्रोफोन पुन्हा जवळ ओढला. आगीची पाहणी करण्यासाठी बाहेरून बोलावलेला तज्ज्ञ सकाळपासून इंग्रजीत बोलत होता. त्याचं एकेक वाक्य संपलं की बाई ते मराठीत सांगत होत्या. समोर चौकशीचे अध्यक्ष, त्यांच्या बाजूला टंकलेखक, उजवीकडे कारखान्याचे वकील. डावीकडच्या बाकांवर, त्या दिवशी पॅकिंगच्या खोलीतून बाहेर येऊ न शकलेल्या बायकांची माणसं. बाई जे बोलतील तेच या बाकांपर्यंत पोचणार होतं, आणि टाइपही तेच होणार होतं.

तज्ज्ञ तोंडात गरम घास धरल्यासारखा बोलायचा आणि एका शब्दावर त्याचा फार जीव होता. ऑब्स्क्युअर. आगीचं मूळ ऑब्स्क्युअर आहे, असं तो सुरुवातीलाच म्हणाला. बाईंनी सांगितलं, आग कशाने लागली ते अजून उलगडलेलं नाही. मग विजेचं काम केलेली कंपनी ऑब्स्क्युअर निघाली. बाई म्हणाल्या, फारशी कुणाच्या ऐकिवात नसलेली. नियमातलं एक कलम ऑब्स्क्युअर होतं, ते त्यांनी 'दुर्बोध' केलं. जिन्याखालच्या कोपऱ्याला 'अंधारा' म्हटलं. इंग्रजीत सगळं एकाच पोत्यात कोंबलेलं, आपल्याकडे मात्र प्रत्येक जिन्नसाला वेगळा डबा. कॉलेजात शिकवत असताना हे सांगून त्या वर्गाला हसवायच्या.

मग तज्ज्ञाने नकाशावर बोट ठेवलं. मागच्या दाराकडे वळण्यासाठी भिंतीवर बाणाची पाटी होती. दार उघडंच होतं. पण आगीच्या वेळी ती पाटी ऑब्स्क्युअर्ड होती, तो म्हणाला, आणि थांबला.

'झाकलेली' हा शब्द बाईंच्या जिभेवर आलाच होता. इतका सोपा. पण झाकलेली म्हटलं की पाठोपाठ प्रश्न येतो, कुणी झाकली? बाईंची नजर आपोआप शेवटच्या बाकाकडे गेली. तिथे त्यांचा दीर बसला होता. गोदामाचा सुपरवायझर. कुठला माल कुठे रचायचा ते तोच ठरवायचा.

"बाणाची पाटी," बाई म्हणाल्या, "अस्पष्ट होती."

अध्यक्ष नकाशाची घडी उलगडण्यात गुंतले होते, त्यांनी नुसतं हं केलं. टंकलेखकाची बोटं चालली. कारखान्याच्या वकिलांचं पेन मात्र कागदावर थबकलं. त्यांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं, क्षणभर पाहत राहिले, आणि मग खाली वाकून लिहू लागले. तज्ज्ञाला दुपारनंतर परत जायचं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ आणि त्यांना मोकळं करू, असं म्हणून अध्यक्ष उठले.

बाईंनी हे काम घेण्यापूर्वी चौकशीच्या कचेरीत सांगितलं होतं की, घरातलंच एक माणूस त्या कारखान्यात आहे. तिथला कारकून म्हणाला होता, या गावात कुणाचं ना कुणाचं कुणीतरी तिथे आहेच, तुम्ही इंग्रजीचं बघा. खरं म्हणजे तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. पण मागे फिरण्यासाठी कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण तोंडातून काढलं की ते खरं झालं असतं. दिराने घरात त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी जेवताना त्याने एवढंच विचारलं, "वहिनी, उद्या तो साहेब बोलेल ते तुम्हीच सांगणार ना?" त्या हो म्हणाल्या. त्यावर तो ताटातला भात नुसताच चिवडत राहिला आणि जावेने न विचारताच त्याच्यासमोरचं ताट उचललं.

हा माणूस बाईंना दिरापेक्षा धाकट्या भावासारखा होता. नवऱ्याच्या आजारपणात लिफ्ट बंद पडलेली असताना भावाला पाठुंगळी घेऊन तोच जिने उतरला होता. नवरा गेल्यावर, वहिनी कुठे जाणार, हा प्रश्न त्याने घरात कुणाला विचारूच दिला नाही. अशा माणसासाठी एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर काय बिघडलं? आणि तो शब्द काही खोटा नव्हता. कुठलाही शब्दकोश उघडा, अस्पष्ट हा अर्थ तिथे आहेच. बाई स्वतःला हे समजावत बाहेर निघाल्या, तेव्हा कारखान्याच्या वकिलांनी त्यांच्यासाठी दार उघडून धरलं. सकाळी आत येताना धरलं नव्हतं.

व्हरांड्यात पाण्याच्या पिंपापाशी एक बाई उभी होती. सकाळी ती पहिल्याच बाकावर होती. शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करायची. बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते. तिची मुलगी पॅकिंगला लागून थोडेच दिवस झाले होते.

"बाई, एक विचारू का?" मुलीची आई म्हणाली. "अस्पष्ट म्हणजे धूसरच ना?"

दुभाषीबाईंनी मान हलवली. हो आणि नाही यांच्या मधली.

"मग बरोबर आहे. तिला धूसरच दिसायचं." आई पिंपाच्या तोटीकडे बघत बोलत होती. "लांबचं दिसत नव्हतं तिला. चष्म्याची दांडी मोडली होती. माझ्याच हातून, बिछाना उचलताना. ती म्हणाली, आई, आज जात नाही कामाला, डोकं दुखतं चष्म्याशिवाय. मी म्हटलं, नवीन नोकरी आहे, खाडे नकोत. सुट्टीच्या दिवशी दुकानात जाऊ."

ती थांबली. बाईंना वाटलं, आता ही रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर रडणं नव्हतं. बरेच दिवस शोधत असलेली वस्तू सापडावी, तसं काहीतरी होतं.

"मला पहिल्यापासून वाटतच होतं. सगळे म्हणायचे, तसं काही नसतं, धुरात कुणाला काय दिसतं. आता एवढ्या मोठ्या साहेबानेच सांगितलं. हे लिहून घेतलं असेल ना त्यांनी?"

"अहो, तसं नाही ते," बाई घाईने म्हणाल्या. "पाटी झाकलेली होती. पुढे काहीतरी होतं. चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही दिसली नसती."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या दंडावर हात ठेवला, आजाऱ्याला थोपटावं तसा.

"माझं मन राखायला सांगताय. तुम्ही चांगल्या आहात. पण आत सगळ्यांसमोर सांगितलंत ते खरं. तिथे कुणी कुणाचं मन राखत नाही."

बाईंनी आणखी एकदा सांगून पाहिलं. आई ऐकत होती, मान डोलवत होती, आणि एकही शब्द तिच्यापर्यंत पोचत नव्हता. शेवटी ती म्हणाली, पाणी प्या तुम्ही, सकाळपासून बोलताय, आणि बाजूला झाली.

बाईंनी डबा उघडला नाही. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला दीर खांबाला टेकून एकटाच उभा होता. कामगार संघटनेची माणसं त्याला वळसा घालून जात होती. त्याने बाईंना पाहिलं आणि हातानेच विचारलं, जेवलात का? बाई परत आत जाऊन रिकाम्या खोलीत आपल्या खुर्चीवर बसून राहिल्या.

सुट्टी संपली. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? वकील म्हणाले, नाही. संघटनेच्या माणसाने सोबत्याशी कुजबुज केली आणि मान हलवली. तज्ज्ञ बॅगेचा पट्टा आवळू लागला.

"साहेब," दुभाषीबाई उभ्या राहिल्या. "सकाळच्या भाषांतरात माझ्याकडून एक शब्द चुकला आहे."

वकील लगेच उठले. चुकला कसा म्हणता येईल, ते म्हणाले. त्या इंग्रजी शब्दाचा तोही अर्थ होतो, आपण कोश मागवू शकतो. बाई अनुभवी आहेत. त्यांनी विचार करूनच शब्द निवडला असणार.

"हो," बाई म्हणाल्या. "विचार करूनच निवडला."

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी बाईंना आणखी काही विचारलं नाही. तज्ज्ञाकडे वळले आणि पाटीबद्दल पुन्हा, सविस्तर सांगायला सांगितलं. तज्ज्ञाने बॅग खाली ठेवली. तो सांगत गेला आणि बाई त्याच्यामागोमाग बोलत गेल्या. खोलीच्या सगळ्या भिंती धुराने काळ्या झाल्या आहेत. पाटी जिथे आहे तिथे मात्र एक मोठा चौकोन पांढरा राहिला आहे. पाटीवरची अक्षरं स्वच्छ आहेत, बाण नवा असल्यासारखा आहे. धूरसुद्धा तिथपर्यंत पोचला नाही, कारण पाटीच्या पुढे भिंतीला लावून माल रचलेला होता. खोकी, छताच्या खाली हातभर जागा सोडून. पाटी पूर्ण झाकलेली होती. बायका वळायच्या तिथे वळल्या नाहीत, सरळ गेल्या. पुढे दार नव्हतं.

बाईंचा आवाज कुठे अडला नाही. पहिल्या बाकावरच्या आईने हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा. अध्यक्षांनी तिला बोलू दिलं.

"चष्मा असता, तर?"

बाईंनी ते इंग्रजीत विचारलं. तज्ज्ञाने मान हलवली आणि थोडक्यात उत्तर दिलं.

"ते म्हणतात, चष्मा असता तरी दिसली नसती. कुणालाच दिसली नसती."

आई खाली बसली. तिने पदराने तोंड पुसलं. मग तिने वळून मागच्या बाकांवरची माणसं एकेक करून बघायला सुरुवात केली.

संध्याकाळी दीर नेहमीप्रमाणे स्कूटरपाशी उभा होता. बाईंना वाटलं होतं, तो निघून गेला असेल. त्याने स्कूटर सुरू केली, त्या मागे बसल्या. घराच्या जिन्यापाशी त्याने गाडी लावली, पण तो वर चढेना.

"वहिनी, उद्या माझी साक्ष आहे."

"माहीत आहे, भाऊजी."

"पाटी मला दिसत होती. म्हटलं, ट्रक येईपर्यंतच तर ठेवायचाय माल." तो जिन्याच्या कठड्याचा सुटलेला रंग नखाने काढत होता. "मी नुसतं सांगितलं, इथे रच म्हणून. रचली त्या पोरीने. पहिल्या बाकावरच्या बाईंची पोर. नवीन होती, कामाला नाही म्हणायची नाही. बाकीच्या एकदोघींनी हात दिला, पण रचली तिने. वकिलांना कळलंय कुठून तरी. मला म्हणाले, उद्या तेवढं तिचं नाव घ्या, बाकी आम्ही बघून घेऊ."

बाईंनी कठडा धरला. वरच्या मजल्यावरून जावेने हाक मारली, आलात का? आलो, म्हणून दिराने ओ दिली.

"तुम्ही काय म्हणता?" त्याने विचारलं.

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं वर गेली.

दुसऱ्या दिवशी सगळं कामकाज मराठीत होतं. बाई त्यांच्या जागी बसल्या होत्या, पण मायक्रोफोन कुणीतरी बाजूला सारला होता. दिराने शपथ घेतली. अध्यक्षांनी विचारलं, ती खोकी तिथे कुणी रचली?

"मी रचली."

"रचायला सांगितलीत, असं म्हणायचंय का?"

"नाही साहेब. मीच रचली. माझ्या हातांनी."

वकील उठले. एवढा माल एका माणसाने छताजवळपर्यंत कसा चढवला, त्यांनी विचारलं. हाताखाली कुणीतरी असेलच, नाव आठवून पाहा, घाई नाही. त्यांचा आवाज मऊ होता.

"कुणी नव्हतं. मी एकटा होतो."

अध्यक्ष पॅकिंगमधून वाचलेल्या बायकांकडे वळले. त्या एका बाकावर दाटीवाटीने बसल्या होत्या. तुमच्यापैकी कुणी काही वेगळं पाहिलं का? बायका आपापल्या मांडीकडे बघत राहिल्या. शेवटी त्यांच्यातली थोराड बाई उठली. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या.

"नाही," ती म्हणाली. "तेच रचत होते."

पहिल्या बाकावरची आई उभी राहिली. कुणी तिला बसायला सांगितलं नाही. ती दिराकडे बघत होती. त्या नजरेत दयेचा कण नव्हता. त्यानेही मान खाली घातली नाही, तिला हवं तेवढं बघू दिलं.

टंकलेखकाने दिराला विचारलं, तुमचं शेवटचं वाक्य पुन्हा सांगता का? सवयीने दुभाषीबाईंचा हात मायक्रोफोनकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला.

"मी एकटा होतो," दीर म्हणाला.