रकाना सोडताना

आईची नजर पार अधू झाली, तशी दवाखान्याच्या नोंदणीच्या टेबलावर दुसरं कुणी बसवायची कुजबुज सुरू झाली. हे लेकीच्या कानावर गेलं आणि तिचं डोकंच फिरलं. प्रोग्रॅमर होती ती. नोंदणीचा अख्खा डायलॉग बॉक्स, म्हणजे माहिती भरायची पडद्यावरची खिडकी, तिनं नव्यानं लिहून काढली. ज्या रकान्यात जावं, त्याचं नाव कॉम्प्युटर बोलून दाखवी. रकाना सोडला की आतला मजकूर तपासून चूकही सांगे. आईची बोटं कीबोर्डवर मुरलेलीच होती.

मोठ्या डॉक्टरांनी एक सकाळ दिली. निभावलं तर टेबल आईचं, नाहीतर तिनं घरी बसायचं.

रांग भराभर सरकत होती आणि आई भलतीच खुशीत होती. एवढ्यात एक गृहस्थ नाव सांगून अर्ध्यावरच म्हणाले, राहू दे, नंतर येतो. आईनं वयाचा रकाना रिकामाच सोडून 'रद्द करा' या बटणावर जायची कळ दाबली.

"वय भरा," कॉम्प्युटर म्हणाला आणि तिला परत वयाच्या रकान्यात आणून बसवलं. पुन्हा कळ, पुन्हा "वय भरा." रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बाजूला उभे राहून बघणारे डॉक्टर नुसतेच खाकरले. पण आईची मान काही खाली गेली नाही.

"चूक माझी नाही," तिनं लेकीला सांगितलं. "मी निघालेय आणि हा मला सोडत नाही."

मागे उभ्या असलेल्या लेकीनं वाकून पडदा पाहिला. मग म्हणाली, "रकाना सोडला एवढंच ओळखायला शिकवलं मी त्याला. सोडून कुठं चाललीस, ते बघायला नाही."

शेजारच्या कॉम्प्युटरवर तिनं तिथल्या तिथे दुरुस्ती केली. 'रद्द करा'कडे निघालेल्याला आता अडवायचं नव्हतं. आईनं कळ दाबली, मग एंटर. खिडकी मुकाट्यानं बंद झाली. चारचौघांत स्वतःची चूक कबूल करून ती लगेच निस्तरणारी लेक आपली आहे, या विचारानं आईचा ऊर भरून आला.

रांग संपत आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, टेबल तुमचंच. फक्त काही दिवस मुलीला शेजारी बसू द्या, अडलं-नडलं तर असावी.

"तिला जाऊ द्या, डॉक्टर," आई म्हणाली. "तिचं काम तिनं चोख केलंय. आता माझं मी करते."

आणि तिनं पुढच्या माणसाला नाव विचारलं.