हातातला ब्रेक

माझा नवरा रूलॉफ आमच्या कालव्यावरच्या रहिवासी संघाचा अध्यक्ष आहे. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो, कारण विचारायला कोणी येत नाही. डेल्फ्ट शहराच्या जुन्या भागात जन्मला, एवढंच त्याचं कर्तृत्व, आणि त्यातही कष्ट त्याच्या आईने घेतले.

आमच्या घराखाली, कोपऱ्यावर, माझ्या धाकट्या बहिणीचं दुकान आहे. नीन्के शहर बघायला आलेल्या पाहुण्यांना लाल सायकली भाड्याने देते. रूलॉफ त्या दुकानाला पाण्यात पाहतो. त्याच्या मते लाल सायकली म्हणजे शहराच्या अंगावर उठलेला गोवर. आता पाहुणे फार शहाणे असतात असं मी म्हणणार नाही. पुलाच्या बरोब्बर मध्यावर थांबून चर्चचे फोटो काढणारा माणूस माझ्याही डोक्यात जातो. पण निदान ते संध्याकाळी निघून जातात. रूलॉफ राहतो. खिडकीत कॉफी घेऊन बसतो आणि कोण कसं डुगडुगलं ते मला आतल्या खोलीत ऐकवत राहतो.

या वसंतात दुकानाचा परवाना संपत होता. तो वाढवायचा की नाही हे नगरपालिकेच्या ओस्टिंग बाई ठरवणार होत्या. परवाना गेला असता तर नीन्केला गाशा गुंडाळावा लागला असता. दुसरी जागा तिला या शहरात परवडणारी नव्हती. रूलॉफने बाईंना गाठलं आणि पटवलं की भाड्याच्या सायकलींवरून त्याच्याबरोबर एक फेरी मारावी, जुन्या भागात हा प्रकार किती धोक्याचा आहे ते डोळ्यांनी बघावं. सख्खी मेहुणी, पण याला तत्त्वाचा पुळका. मी भांडले. तो म्हणाला, संघाच्या कामात नातीगोती आणायची नसतात. संघात त्याच्याखेरीज कानाने अधू असलेले एक काका आहेत आणि कोपऱ्यावरची मांजरवाली.

बाजाराच्या दिवशी बाई आल्या. नीन्केचा एक नियम आहे: सायकल घेणाऱ्याने आधी दुकानासमोर एक चक्कर मारायची आणि ब्रेक दाबून दाखवायचा. बाईंनी निमूटपणे मारली. त्यांच्याआधी एक स्पॅनिश आजी जीव मुठीत धरून तीच चक्कर मारत होती. रूलॉफने बाईंना खुणावलं आणि म्हणाला, असले नमुने आपल्या पुलांवर सोडले जातात. मला त्याची इतकी लाज वाटली की मी उगाच माझ्या सायकलची घंटी पुसत बसले.

मग त्याची पाळी आली.

“रूलॉफ, तूही एक चक्कर मारून घे,” नीन्के म्हणाली. “या सायकलींचे ब्रेक...”

“नीन्के, मी आईच्या पोटात होतो तेव्हापासून सायकलवर आहे. तू मला शिकवणार?”

आणि टांग मारून निघालाही. पुढे तो, मागे बाई, त्यांच्यामागे माझ्या जुन्या काळ्या सायकलवर मी. मला यायचं नव्हतं, पण त्याला कौतुकाला कोणीतरी लागतं. वाटेत त्याची टकळी चालू होती. पाहुण्यांना वळता येत नाही, हात दाखवता येत नाही, थांबता तर मुळीच येत नाही. हे सगळं मान मागे वळवून, समोर न बघता.

मासळीबाजाराजवळचा पूल चांगला उंच आहे. रूलॉफ तोऱ्यात चढला आणि तोऱ्यात उतरू लागला. खाली, पुलाच्या तोंडाशी, एक तरुण जोडपं सायकली आडव्या लावून फोटो काढत होतं. रूलॉफने ब्रेक मारला. म्हणजे, जन्मभर मारत आलाय तसा मारला: पायाने, पेडल उलटं दाबून. आमच्या सायकली अशाच थांबतात. बाहेरच्यांना ते जमत नाही, म्हणून नीन्केच्या सायकलींना ब्रेक हातात असतात. पेडल नुसतंच उलटं फिरलं. मग त्याचे पाय उलटे गरगरू लागले आणि सायकल सुलटी धावू लागली. जोडप्याला वाचवायला त्याने हँडल वळवलं, एवढं मात्र मी त्याच्या पदरात घालते. तिथे कालव्याला कठडा नाही.

बाई हातब्रेक दाबून काठाशी थांबल्या. मागून ती स्पॅनिश आजी आली, तीही नीट थांबली. तिने पिशवीतून स्वतःचा पंचा काढून पुढे केला. पाणी जेमतेम छातीपर्यंत होतं. रूलॉफ लाल सायकल धरून त्यात उभा, केसांत शेवाळ.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“ब्रेकच नाहीत या सायकलीला,” तो म्हणाला. “बघितलंत ना, काय दर्जाचं दुकान आहे ते?”

बाईंचा चेहरा बदलला. नीन्केचं दुकान त्या एका वाक्यावर जाणार होतं, आणि हे त्यालाही कळत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बायको आहे, गप्प राहीन, असा त्याचा हिशोब होता.

“त्याने ब्रेकला हातच लावला नाही,” मी म्हटलं. “पायाने ब्रेक मारत होता. मी मागेच होते, बाई.”

काठावरच्या दोघा पोरांनी सायकल वर ओढली. बाईंनी वाकून ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.  परतीच्या वाटेवर त्या मला म्हणाल्या की परवान्याची काळजी नको, बहिणीला सांगा, ती चक्कर मात्र सक्तीची करा, गाववाल्यांनासुद्धा.

घरी रूलॉफ शेगडीजवळ पंचा गुंडाळून बसला. स्पॅनिश आजीचाच पंचा.

“तू गप्प बसू शकली असतीस,” तो म्हणाला.

“नीन्केचं दुकान गेलं असतं.”

“आणि माझं काय?”

मी त्याच्या पायांकडे पाहिलं.

“तुझा एक बूट गेला,” मी म्हटलं, आणि सूप गरम करायला उठले.