तीन वाव खाली

इराणी बंदराच्या अंमलदारानं अकराही यात्रेकरूंचे पासपोर्ट एकावर एक रचले, सुतळीनं बांधले आणि गठ्ठा काखेत मारला. बदल्यात त्यानं गलबताच्या फळीवर अकरा कागद ठेवले.

सोबतच्या पहारेकऱ्यानं त्याचं फारसी बोलणं अरबीत समजावलं. बहरीन बेट इराणचंच आहे, तेव्हा इंग्रजांच्या शिक्क्याचे हे पासपोर्ट या किनाऱ्यावर चालायचे नाहीत. आपण इराणची प्रजा आहोत अशा कागदावर अंगठा उठवा आणि खुशाल मशहदच्या यात्रेला जा. नसेल उठवायचा, तर गलबतावरून खाली पाय ठेवू नका.

रबाबनं आपला अंगठा मुठीत दाबून धरला. तिची नात चार वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती. इमाम रझांच्या दर्ग्यात तिच्यासाठी गाऱ्हाणं घालायचं, एवढ्यासाठी ती आयुष्यात पहिल्यांदा समुद्र ओलांडून आली होती. पण निघताना बहरीनमधल्या त्यांच्या सित्रा गावच्या मुखत्यारानं बजावलं होतं, की तिकडचा कागद घेऊन परतलीस तर इथं परकी ठरशील, आणि परक्यांच्या नावावर खजुराची बाग राहत नाही. त्या बागेवर घरातली सात माणसं जेवत होती.

"काय म्हणतोय तो?" शेजारी बसलेल्या मरहूननं विचारलं. मरहून तिचा थोरला भाऊ. चाळीस उन्हाळे मोत्यांसाठी बुड्या मारून त्याचे दोन्ही कान गेले होते.

"आपण कुठले, ते विचारतोय, दादा," ती त्याच्या कानाशी ओरडली.

"मग सांग की. सित्राचे."

गलबतावरचे लोक हसले. रबाबला नेहमीसारखंच ओशाळं वाटलं. घरी त्याचं करायला कुणी नाही म्हणून तिनं हे ओझं बरोबर आणलं होतं.

वारा उलटा वाहत होता, त्यामुळे परतही फिरता येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या पिंपाचा तळ लागला. तांडेल रजबनं पहारेकऱ्याला हाक मारून पाणी मागितलं. अंगठे उठवा आणि उतरून हवं तेवढं प्या, असं उत्तर आलं. दोघातिघांची नजर कागदांकडे वळू लागली.

मरहूननं प्यायला मागितलं तेव्हा रबाबनं वाडगा उपडा करून दाखवला. त्यानं वाडग्याकडे पाहिलं, मग किनाऱ्यावरच्या दुभंगलेल्या खडकाकडे बराच वेळ पाहत राहिला. तरुणपणी एकदा वादळात त्यांचं गलबत इथं आडोशाला थांबलं होतं, असं काहीसं पुटपुटत त्यानं होडी मागितली, एक रिकामी पखाल मागितली, दोर आणि दगड मागितला.

"म्हाताऱ्याला आवर गं," तांडेल म्हणाला.

तो आवरला जाणार नव्हता. म्हणून रबाबही होडीत उतरली.

मरहून वल्हवता वल्हवता पाण्यात हात घालून पाही आणि पुढे जाई. एका जागी तो थांबला. तिथं समुद्राचा पृष्ठभाग तेल सांडल्यासारखा गुळगुळीत होता. रबाबनं हात घातला. बाकीचं पाणी कोमट, पण तेवढ्या जागेचं थंडगार. मरहूननं नाकाला शिंगाचा चिमटा लावला, पखाल घडी करून काखेत दाबली, दगडाच्या फासात पाय अडकवला आणि गेला.

तीन वाव, म्हणजे तीन पुरुष खोल, खाली तिला तो स्वच्छ दिसत होता. वर असताना उठताबसता कण्हणारा तिचा भाऊ तिथं माशासारखा वळत होता. तळाची वाळू एका जागी उकळल्यासारखी उसळत होती. त्या उसळीवर त्यानं पखालीचं तोंड धरलं. पखाल हळूहळू फुगू लागली. रबाब श्वास मोजत होती. मोजता मोजता तिचाच श्वास अडकला. मग दोराला हिसका बसला आणि तिनं त्याला वर ओढलं.

पाणी गोड होतं. मिठाचा कणही नाही. समुद्राच्या तळाशी गोडे झरे असतात हे सित्रात लहान पोरांनाही ठाऊक असतं, तिलाही ठाऊक होतं. पण माणूस तिथवर कसा जातो, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. चाळीस उन्हाळे हा असा एकटा खाली जात होता. तिनं डोक्यावरून ओढणी सारखी केली, नमाजाला उभं राहताना करतात तशी.

चौथ्या बुडीच्या वेळी अंमलदाराची होडी येऊन भिडली. हे लोक चोरून किनारा गाठताहेत असा त्याचा समज झाला होता. तेवढ्यात मरहून वर आला आणि समोर दिसला त्या माणसाच्या हातात त्यानं पखाल दिली. अंमलदार एक घोट प्याला. थांबला. मग डोक्यावरची सरकारी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा प्याला.

"त्याला विचार," तो पहारेकऱ्याला म्हणाला, "हे पाणी कुणाच्या हद्दीतून येतं?"

रबाबनं प्रश्न भावाच्या कानात ओरडून सांगितला.

"खालून," मरहून म्हणाला, आणि दगडासाठी हात पुढे केला.

कुणी हसलं नाही. अंमलदार पाणी भरून होईपर्यंत तिथंच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरून होड्या आल्या, घागरी घेतलेल्या बायांनी भरलेल्या. दीड वर्ष तिथं पाऊस नव्हता. टाक्यांत नुसता गाळ उरला होता. मरहूननं त्यांच्या कोळ्यांना दुभंगलेल्या खडकाची आणि किनाऱ्यावरच्या पिराच्या घुमटाची रेघ जुळवून जागा दाखवली, चिमटा कसा लावायचा तेही दाखवलं. त्यातली एक घागर अंमलदाराच्या घरची होती, असं एक बाई हळूच म्हणाली.

दुपारी वारा फिरला. पहारेकऱ्यानं पासपोर्टांचा गठ्ठा आणून दिला. वरचा हुकूम मात्र बदलला नव्हता. अंगठ्याशिवाय उतरता येणार नव्हतं. तांडेलानं अकरा कागद उचलून त्याच्या हातात ठेवले, आले होते तसेच. रबाब खडकापलीकडच्या, मशहदकडे जाणाऱ्या पांढऱ्या वाटेकडे पाहत राहिली.

मघाची बाई होडीतून वर बघत होती. खैरुन्निसा तिचं नाव. मोडक्या अरबीत ती म्हणाली,

"मावशी, मी पुढच्या महिन्यात इमामांकडे जातेय. कुणासाठी मागू?"

रबाब गलबताच्या काठावरून खाली वाकली.

"मक्किया," ती म्हणाली. "चार वर्षांची आहे. उभी राहू दे म्हणावं."

"मक्किये," खैरुन्निसा म्हणाली.

"मक्किया."

गलबताचं शीड भरलं. होडी मागे पडत गेली. खैरुन्निसा भरलेली घागर दोन्ही गुडघ्यांत धरून बसली होती आणि विसरू नये म्हणून नाव पुन्हा पुन्हा म्हणत होती. पाण्यावरून ते बराच वेळ ऐकू येत राहिलं.